फिटनेसचा कागद आणि दुसरी रात्र

मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला फिजिशियनकडे पाठवतात तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एकच शब्द असतो : ‘फिटनेस’. नातेवाईकांच्या तोंडीही तोच शब्द असतो. ‘डॉक्टर, फिटनेस मिळाला का?’ असे ते विचारतात, जणू आरटीओच्या दारात गाडी उभी आहे. एका मे महिन्यात सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात मी अशाच एका चिठ्ठीखाली ‘मध्यम धोका, भूल देण्यास हरकत नाही’ असे लिहून सही केली. त्यानंतर पुरते तीन दिवसही झाले नव्हते, तोच त्याच रुग्णाच्या खाटेजवळ हृदयविकाराच्या झटक्याचे उपचार सुरू करण्याची वेळ माझ्यावर आली. सही करताना मी जे जे पाहिले होते ते चुकीचे नव्हते. चूक कुठे होती हे सांगण्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

रुग्ण आणि अपघात

रुग्ण ६६ वर्षांच्या बाई, अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारी परिसरातील विडी कामगार वसाहतीत मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह राहणाऱ्या. मातृभाषा तेलुगू, मराठी समजते आणि कामापुरती बोलताही येते. चाळीसहून अधिक वर्षे विड्या वळण्याचे काम केलेले, म्हणजे पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून दिवसाचे सात-आठ तास एका जागी बसणे आणि तेवढा वेळ तंबाखूच्या भुकटीत श्वास घेणे. विडी त्यांनी कधी ओढली नव्हती, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय जुनी होती. मधुमेह चौदा वर्षांपासूनचा, उच्च रक्तदाब त्याहून थोडा अलीकडचा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन या गोळ्या नियमित म्हणाव्यात इतपत चालू होत्या आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांत डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळीची भर पडली होती. इन्सुलिन सुरू करण्याचा सल्ला दोनदा मिळाला होता. दोन्ही वेळा बाईंनी सुईला नकार दिला होता.

शनिवारी पहाटे धुण्याच्या दगडाजवळ पाय घसरून त्या डाव्या कुशीवर पडल्या. पहिला दिवस शेकण्यात आणि ओळखीच्या हाडवैद्याकडे दाखवण्यात गेला. रविवारी संध्याकाळी त्या रुग्णालयात आल्या आणि एक्स-रेमध्ये डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडून सरकल्याचे दिसले. अस्थिरोगतज्ज्ञांनी सिमेंटचा वापर करून कृत्रिम खुबा बसवण्याचे ठरवले आणि सोमवारी सकाळी चिठ्ठी माझ्याकडे आली.

सोमवारची तपासणी

रक्तदाब १६८/९४, नाडी ९६, ऑक्सिजन ९६ टक्के. छाती स्वच्छ, हृदयाच्या ठोक्यांत मर्मर नाही, पायांवर सूज नाही. ईसीजीमध्ये टी-लहरी काही ठिकाणी चपट्या होत्या. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या या वयाच्या रुग्णात असे इतक्यांदा दिसते की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या कप्प्याची आकुंचनक्षमता ५८ टक्के, भिंतींची हालचाल सर्वत्र सारखी आणि झडपा ठीक होत्या. साखर २४६, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ९.१, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.४ आणि युरिया ६२, हिमोग्लोबिन ११.२.

मी विचारले, ‘अम्मा, छातीत दुखतं का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही.’ ‘जिना चढताना दम लागतो का?’ ‘नाही.’ हे दोन ‘नाही’ मी लिहून घेतले.

या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची शारीरिक क्षमता जोखण्यासाठी जिन्याचा प्रश्न जगभर विचारला जातो. न थांबता दोन मजले चढता येत असतील तर हृदयाला शस्त्रक्रियेचा ताण बहुधा पेलवेल असा त्यामागचा हिशेब. पण या बाईंच्या घराला जिनाच नाही, त्या ज्या कारखान्यात माल देतात तोही तळमजल्यावर आहे आणि दिवसातला बहुतेक वेळ त्या बसून असतात. जिना चढताना दम लागत नाही हे त्यांचे उत्तर अक्षरशः खरे होते, कारण कित्येक महिन्यांत त्या एकही जिना चढल्या नव्हत्या. एको हाही विश्रांतीच्या वेळचा फोटोच असतो. हृदयाच्या धमन्या ७० किंवा ८० टक्के अरुंद झाल्या तरी, आधी झटका येऊन गेलेला नसेल तर, आडव्या पडलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या भिंती एकोमध्ये व्यवस्थित हलताना दिसतात. ‘एको नॉर्मल आहे’ या वाक्याने नातेवाईकांना, शल्यविशारदाला आणि खरे सांगायचे तर फिजिशियनलाही जो दिलासा मिळतो तो बराचसा उसना असतो.

शून्य गुण

धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक १९९९ साली बोस्टनमधील अभ्यासातून तयार झाला आणि तो ‘सुधारित हृदयधोका निर्देशांक’ म्हणून ओळखला जातो. त्यात सहा बाबींना प्रत्येकी एक गुण आहे : पोट, छाती किंवा मोठ्या रक्तवाहिनीची मोठी शस्त्रक्रिया, ज्ञात हृदयधमनी विकार, हृदयाची अकार्यक्षमता, पूर्वीचा पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, आणि दोनपेक्षा अधिक क्रिएटिनिन. आमच्या बाईंना या मापाने शून्य गुण मिळाले, आणि मूळ अभ्यासात शून्य गुणांच्या रुग्णांत हृदयाची गंभीर गुंतागुंत अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती.

हे शून्य कसे तयार झाले ते पाहण्यासारखे आहे. चौदा वर्षांचा अनियंत्रित मधुमेह असूनही त्याचा गुण मिळाला नाही, कारण त्यांनी इन्सुलिन घेतले नव्हते. हृदयधमनी विकाराचा गुण मिळाला नाही, कारण तो शोधण्याची वेळ कधी आलीच नव्हती. ट्रेडमिल चाचणी नाही, अँजिओग्राफी नाही, छातीत दुखल्याची नोंद नाही. ज्याच्यावर उपचार कमी झाले त्याचे गुणही कमी, असा हा उलटा न्याय आहे. त्यातच हा निर्देशांक पन्नाशीपुढच्या, नियोजित मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या ४,३१५ रुग्णांवरून बनवलेला आहे. हाड मोडून दोन दिवस उपाशी-तहानलेल्या अवस्थेत आलेला वृद्ध रुग्ण त्या हिशेबात मुळात धरलेलाच नव्हता. खुब्याच्या अस्थिभंगानंतरचा मृत्युदर नियोजित खुबेबदलाच्या कितीतरी पट असतो, आणि त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या तंत्रापेक्षा रुग्ण ज्या अवस्थेत टेबलावर येतो त्यात अधिक असते.

मी शून्य गुण असूनही ‘मध्यम धोका’ लिहिले, एवढाच माझ्या अनुभवाने त्या कागदावर उमटवलेला ठसा. मध्यम म्हणजे नेमके किती, कशाचा धोका, कोणत्या दिवशी आणि त्यासाठी कोणी काय पाहायचे, यातले काहीही मी लिहिले नाही. तसे कोणी विचारलेही नव्हते.

युरिया ६२ कडेही मी मूत्रपिंडाच्या दृष्टीनेच पाहिले. आता विचार केल्यावर तो आकडा सरळ सांगत होता की बाईंच्या शरीरातले पाणी आटले आहे. मे महिन्यातले सोलापूर, पारा ४२-४३ अंशांवर, पत्र्याखालचे घर. त्यात लघवीचे प्रमाण वाढवणारी डापाग्लिफ्लोझिन. याशिवाय एक कारण असे होते की जे कोणत्याही केस पेपरवर येत नाही : हाड मोडल्यापासून बेडपॅन मागण्याची लाज वाटते म्हणून बाईंनी पाणी पिणेच जवळजवळ बंद केले होते. सुनेने हे नंतर सांगितले. हिमोग्लोबिन ११.२ दिसत होते तेही याच कोरडेपणामुळे फुगलेले होते.

मंगळवार

शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी अकराला झाली, म्हणजे पडल्यापासून तीन दिवसांहून अधिक काळाने. खुब्याचा अस्थिभंग ४८ तासांच्या आत दुरुस्त व्हावा असे सर्वसाधारण मत आहे. त्याहून घाई करून सहा तासांत शस्त्रक्रिया केल्यास मृत्यू घटतात का, हे १७ देशांतील २,९७० रुग्णांवर तपासले गेले. त्या २०२० सालच्या अभ्यासात मृत्यूंत फरक पडला नाही, मात्र वात झाल्यासारखी मानसिक गोंधळाची अवस्था कमी झाली आणि रुग्ण लवकर उभे राहिले. आमच्याकडे एक दिवस हाडवैद्याकडे गेला, एक दिवस तपासण्या आणि पैशांची जुळवाजुळव यांत. या दोन दिवसांनी हृदयाला काहीही मदत केली नाही.

कण्यात भूल दिल्यानंतर सहा-सात मिनिटांत रक्तदाब ७८/४६ वर आला. सरासरी दाबाच्या भाषेत हा सुमारे ५७ होतो, आणि आदल्या दिवशी तोच सुमारे ११९ होता. म्हणजे ज्या दाबाची बाईंच्या अरुंद धमन्यांना सवय होती त्याच्या निम्म्याहून कमी दाबाने हृदयाला रक्त मिळत होते. भूलतज्ज्ञांनी तत्परतेने दाब वाढवणारे मेफेन्टर्मिन दिले, सलाईनचा वेग वाढवला. तरीही दाब वर यायला अकरा-बारा मिनिटे लागली. पुढे हाडात सिमेंट भरताना तो पुन्हा काही क्षण उतरला आणि ऑक्सिजन ९१ पर्यंत गेला. सिमेंट दाबून भरताना मज्जेतील चरबीचे कण आणि हवा रक्तात शिरून फुप्फुसातील रक्तवाहिन्यांवर भार येतो, हे जगभर माहीत असलेले आहे, आणि सौम्य रूपात ते अनेक रुग्णांत दिसते. ते लगेच सावरले.

नंतर नोंदी पाहताना लक्षात आले की टेल्मिसार्टनची गोळी बाईंनी मंगळवारी पहाटे घेतली होती. ‘बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्या’ असे सरसकट सांगितले गेले होते. काही रक्तदाबाच्या औषधांसाठी ही सूचना योग्यच आहे. टेल्मिसार्टनच्या वर्गातील औषधे मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून थांबवण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण भुलेखाली दाब कोसळला की तो उचलणे कठीण जाते. या बाबतीत मला अतिशयोक्ती करायची नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात ही औषधे चालू ठेवल्याने किंवा थांबवल्याने मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतीत फरक आढळला नाही, फक्त चालू ठेवणाऱ्यांत दाब अधिक वेळा उतरला. पण तो नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास होता. पाणी आटलेल्या, धमन्या अरुंद झालेल्या बाईंमध्ये ‘फक्त दाब उतरणे’ ही फक्त म्हणण्यासारखी गोष्ट नव्हती. कण्यातल्या भुलीलाही मी दोष देणार नाही. खुब्याच्या अस्थिभंगात पूर्ण भूल आणि कण्यातली भूल यांची तुलना करणाऱ्या २०२१ सालच्या मोठ्या अभ्यासात दोन्हींचे परिणाम सारखेच आले.

शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम झाली. संध्याकाळी बाई बोलत होत्या, रक्तदाब १२४/७०, मुलाने पेढे आणले.

दुसरी रात्र

बुधवारी सकाळी मी त्यांना पाहिले तेव्हा नाडी १०४ होती. मी ती वेदनेच्या खात्यात टाकली. हिमोग्लोबिन तपासायला सांगितले; अहवाल दुपारी आला, ७.९. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मग रक्त द्यायचे ठरवू, असे अस्थिरोगतज्ज्ञ आणि मी फोनवर ठरवले. बुधवारी रात्री नाडी ११२ झाली, बाई अस्वस्थ होत्या, एकदा उलटी झाली. रात्रपाळीच्या सिस्टरने नियमाप्रमाणे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवले. ट्रामाडोल या वेदनाशामकामुळे मळमळ होते म्हणून उलटीचे इंजेक्शन दिले गेले, नाडीसाठी पुन्हा वेदनाशामक. तक्त्यावर या सर्व नोंदी स्वच्छ अक्षरात आहेत. त्यांत कोणाचा हलगर्जीपणा मला दिसत नाही. प्रत्येक गोष्टीला एक जवळचे, साधे कारण उपलब्ध होते आणि प्रत्येक जण ते उचलून पुढे गेला. मीही सकाळी तेच केले होते.

गुरुवारी पहाटे साडेपाचला अंग घामाने भिजले, ऑक्सिजन ९० वर आला. छातीत दुखत नव्हते, त्या क्षणीही नव्हते. ईसीजीमध्ये व्ही३ ते व्ही६ मध्ये एसटी रेषा दोन मिलिमीटरने खाली गेलेली होती, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन सामान्य मर्यादेच्या सुमारे साठपट. एकोमध्ये डाव्या कप्प्याची पुढची भिंत आणि टोक मंदावलेले, आकुंचनक्षमता ४० टक्के. क्रिएटिनिन १.७ झाले होते.

तरीही घाईने एकाच निदानाला चिकटणे योग्य नव्हते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर धाप, जलद नाडी आणि कमी ऑक्सिजन म्हटले की फुप्फुसात रक्ताची गाठ जाण्याचा विचार आधी येतो. पण एकोमध्ये हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला नव्हता आणि पायांच्या शिरांचा डॉप्लर स्वच्छ होता, त्यामुळे बिघडत चाललेल्या मूत्रपिंडावर सीटी स्कॅनच्या रंगद्रव्याचा भार टाकणे आम्ही टाळले. दुसरी शंका डापाग्लिफ्लोझिनची होती. या वर्गातील औषधे नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस बंद करावी लागतात, कारण उपाशीपणा आणि शस्त्रक्रियेचा ताण एकत्र आला की रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. उलटी आणि धाप हीच त्याची लक्षणे. बाईंची शेवटची गोळी रविवारी सकाळची होती. कीटोन किंचित वाढलेले निघाले, रक्ताची आम्लता मात्र मर्यादेत होती. ग्लुकोज आणि इन्सुलिन सोबतच सुरू केले आणि तो धोका तिथेच थांबला. सुईला बाईंनी या वेळी विरोध केला नाही.

मुका झटका

शस्त्रक्रियेनंतरच्या हृदयविकाराच्या झटक्याबाबत बहुतेक लोकांच्या मनात, आणि काही प्रमाणात डॉक्टरांच्याही मनात, जे चित्र असते ते ऑपरेशनच्या टेबलावर हृदय बंद पडण्याचे. प्रत्यक्षात टेबलावर रुग्णाजवळ एक भूलतज्ज्ञ अखंड बसलेला असतो, दर काही मिनिटांनी दाब मोजला जातो. धोका वाढतो तो रुग्ण वॉर्डात आल्यावर. १९० रुग्णालयांतील ८,३५१ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉइज’ अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात असे दिसले की झटका आलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना छातीत दुखण्यासारखे कोणतेही लक्षण नव्हते आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश झटके पहिल्या ४८ तासांत आले. पुढे पंधरा हजारांवर रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर ट्रोपोनिन मोजणाऱ्या अभ्यासात सुमारे ८ टक्क्यांत हृदयाच्या स्नायूला इजा आढळली. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांना लक्षणच नव्हते, आणि इजा झालेल्यांत ३० दिवसांतील मृत्यू ९.८ टक्के, न झालेल्यांत १.१ टक्के होते.

लक्षण का नसते, याची उत्तरे आमच्या बाईंमध्ये एकत्र आली होती. दीर्घ मधुमेहाने संवेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट झालेल्या, वरून वेदनाशामके चालू, आणि खुब्याच्या जखमेचे दुखणे इतके मोठे की त्याखाली दुसरे काही असले तरी वेगळे उठून दिसणार नाही. यंत्रणाही नेहमीच्या झटक्यासारखी नसते. धमनीतला चरबीचा थर फुटून गुठळी होण्याऐवजी येथे बहुधा पुरवठा आणि मागणी यांचा मेळ बिघडतो. ११२ च्या नाडीने धावणाऱ्या हृदयाला ऑक्सिजन जास्त लागत होता, ७.९ हिमोग्लोबिनचे रक्त तो कमी वाहून नेत होते. जलद नाडीमुळे दोन ठोक्यांमधला विसावा, ज्या काळात हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरतात, आखडला होता. आणि हे सर्व अरुंद धमनीपलीकडच्या स्नायूवर बारा-पंधरा तास चालू राहिले. मंगळवारच्या बारा मिनिटांनी इजेची सुरुवात केली असेल. ती पूर्णत्वाला बुधवारने नेली, असे माझे मत आहे.

म्हणून उपचारही त्याच दिशेने केले. दोन पिशव्या रक्त सावकाश, मध्ये लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड देऊन. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ८ च्या वर ठेवणे बहुतेकांना पुरेसे असते, असे २०११ सालच्या दोन हजार रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले आहे. मात्र चालू झटक्यात ८ वर थांबणे मला पटले नाही आणि आम्ही ते दहापर्यंत नेले. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन लगेच सुरू केले. क्लोपिडोग्रेल आणि पूर्ण मात्रेतील हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर अस्थिरोगतज्ज्ञांशी बराच वेळ चर्चा झाली. खुब्याच्या सांध्यात रक्त साठले तर जंतुसंसर्ग, आणि जंतुसंसर्ग झाला तर बसवलेला खुबा काढण्याची वेळ. शेवटी हेपॅरिन फक्त गाठ रोखण्याच्या लहान मात्रेत द्यायचे आणि क्लोपिडोग्रेल तूर्त द्यायचे नाही असे ठरले. नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल मी त्या दिवशी दिले नाही. ‘पॉइज’मध्ये हेच औषध मोठ्या मात्रेत शस्त्रक्रियेच्या काही तास आधी सुरू केल्याने झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि एकूण मृत्यू वाढले होते. शिवाय रक्तस्राव आणि पाण्याची कमतरता यांमुळे धावणाऱ्या हृदयाला औषधाने आवरणे म्हणजे तहानलेल्याला गप्प बसवण्यासारखे आहे. रक्त भरल्यावर नाडी स्वतःच ९२ वर आली, त्यानंतर शुक्रवारी अगदी लहान मात्रेने ते सुरू केले.

क्रिएटिनिन १.२ वर आल्यावर, शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या धमनीत ९० टक्के, उजवीत ६० टक्के अडथळा. ताजी गुठळी कुठेही नाही. खुब्यावर पुढच्या काही महिन्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता नाही ना, हे आधी विचारून घेतले आणि मगच पुढच्या धमनीत स्टेंट बसवला, कारण स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मध्येच थांबवणे हाच एक नवा धोका असतो. सोळाव्या दिवशी बाई वॉकर धरून घरी गेल्या.

सुनेने सांगितलेले

गुरुवारी दुपारी अतिदक्षता विभागाबाहेर मी सुनेशी बोललो. सोमवारी ती आलीच नव्हती. तिला त्या दिवशी माल द्यायचा होता आणि सासूबाईंसोबत मुलगा आला होता. ती म्हणाली, दिवाळीपासून ‘अत्तम्मा’ कारखान्यात विड्या द्यायला स्वतः जात नाहीत, त्यांची टोपली मीच नेते. पूर्वी जात तेव्हा वाटेतल्या चिंचेखाली दोन वेळा बसायच्या. ‘गॅस होतो म्हणायच्या, आणि आयासम.’ आयासम म्हणजे तेलुगूत धाप. मराठीतला ‘आयास’ आणि हा शब्द मुळात एकच, फक्त आपल्याकडे तो पुस्तकात राहिला आणि त्यांच्या घरात तो दुखणे सांगायला वापरला जातो. मी ‘छातीत दुखतं का’ विचारले होते; त्यांच्या छातीत दुखत नव्हते. मुलगा दिवसभर यंत्रमागावर असतो, आईची टोपली कोण नेते हे त्याला माहीत नव्हते.

समजा हे सोमवारी कळले असते, तर काय केले असते? सोपे उत्तर असे की शस्त्रक्रिया थांबवून आधी अँजिओग्राफी केली असती. माझ्या मते ती अधिक मोठी चूक ठरली असती. शस्त्रक्रियेआधी धमन्या मोकळ्या करून घेतल्याने फायदा होतो का, हे रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी ५१० रुग्णांत तपासले गेले आणि २००४ साली आलेल्या त्या निष्कर्षांत दीर्घकालीन मृत्यूंत कोणताही फरक दिसला नाही. शिवाय ताजा स्टेंट घालून, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांवर असलेल्या बाईंचा मोडका खुबा आम्ही कित्येक आठवडे तसाच ठेवला असता. वयस्कर रुग्ण त्या काळात न्यूमोनिया, शय्याव्रण आणि गाठींनी जातात. शस्त्रक्रिया व्हायलाच हवी होती, आणि शक्यतो एक दिवस आधी. बदलायला हवे होते ते तिच्या भोवतालचे : रविवारी रात्रीच सलाईन, टेल्मिसार्टन बंद, भूल देण्याआधी आणि देताना दाब सावरण्याची तयारी, सिमेंटच्या वेळी आगाऊ सूचना, शस्त्रक्रियेनंतर रक्ताची पिशवी राखून ठेवणे आणि बुधवारच्या १०४ च्या नाडीला वेदना समजण्याआधी एक ईसीजी व एक ट्रोपोनिन.

त्यानंतर

माझ्या चिठ्ठीचा नमुना मी बदलला आहे. ‘फिट’ हा शब्द लिहीत नाही. त्याऐवजी नेहमीचा रक्तदाब किती आणि सरासरी दाब किती मिनिटे कोणत्या आकड्याखाली जाऊ देऊ नये, कोणती गोळी कधी थांबवायची, हिमोग्लोबिन कितीवर रक्त द्यायचे आणि कोणत्या दिवशी कोणती तपासणी, हे लिहितो. युरोपातील २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, धोका असलेल्या रुग्णांत ट्रोपोनिन शस्त्रक्रियेआधी एकदा आणि नंतर २४ व ४८ तासांनी मोजण्याचा आग्रह धरतो. आधीचे एक मोजणे महत्त्वाचे आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या विकारात ट्रोपोनिन आधीपासूनच थोडे वाढलेले असू शकते आणि पाया माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. हे वाढलेले आकडे पाहून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल ही भीती मला सुरुवातीला होती, आणि दोनदा तसे झालेही. मग चिठ्ठीवर ‘या आकड्यामुळे शस्त्रक्रिया लांबवू नये’ हे वाक्य वेगळे लिहू लागलो. खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हा तीन ट्रोपोनिनची किंमत कृत्रिम खुब्याच्या किमतीशेजारी ठेवून दाखवतो. सगळे नातेवाईक मान्य करतात असे नाही, आणि शनिवार-रविवारी ४८ तासांची तपासणी राहून जाते ती अजूनही राहते.

जिन्याचा प्रश्न मी आता जवळजवळ विचारत नाही. त्याऐवजी विचारतो की दिवाळीपासून किंवा गड्ड्याच्या जत्रेपासून कोणते काम सोडले, आणि ते आता घरात कोण करते. हा प्रश्न रुग्णापेक्षा घरातल्या बाईला विचारलेला बरा. मुलगा सोबत असेल तर सुनेला फोन लावायला सांगतो.

सहा महिन्यांनी बाई तपासणीला आल्या तेव्हा आकुंचनक्षमता ५० टक्के होती, एचबीए१सी ७.४, इन्सुलिन चालू, मिश्री मात्र सुटलेली नव्हती. काठी घेऊन त्या पुन्हा कारखान्यापर्यंत चालत जाऊ लागल्या होत्या. टोपली अजून सूनच नेते. वाटेत थांबावे लागते का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणाल्या. मी सुनेला तेच त्यांना तेलुगूतून, चिंचेचे नाव घेऊन, पुन्हा विचारायला सांगितले.